उत्तर दिले होते, मी पाहिले आहे

मित्रांनो, माझ्यासमोर उभे राहून तुम्ही जीभ काढून दाखवलीत तरी मला राग येत नाही. तशा जिभा बघणे हेच माझे काम होते. मी एक जुना आरसा आहे. माझी चौकट सागवानी आहे, तिचा एक कोपरा उडाला आहे आणि खालच्या बाजूने माझा पारा काळवंडला आहे. मुलुंडच्या एका इंग्रजी शाळेत, पॅसेजमधल्या बेसिनच्या वर मी टांगलेला असतो. मधल्या सुट्टीत शिक्षिका येतात, माझ्यात बघून केस नीट करतात आणि जातात. त्याचाही मला राग नाही. मला राग कशाचा आहे ते आज मी सांगणार आहे. ऐकताना कोणाला झोंबले तर झोंबू द्या.

माझे तरुणपण गोरेगावच्या एका स्टुडिओत गेले. मेकअपच्या खोलीत मी भिंतभर ऐटीत उभा असे आणि माझ्याभोवती पिवळे दिवे लावलेले असत. तिथे एक मोठा नट येई. नाव सांगत नाही, उगाच कशाला कोणाची अब्रू काढा. त्याला एकदा एक वाक्य काही केल्या जमेना. बाहेर जाऊन तो चुके, आत येऊन माझ्यासमोर घोके, परत बाहेर जाऊन चुके. दिग्दर्शक म्हणे, "कोई बात नहीं सर, एक और!" सगळी माणसे चहा पीत खोळंबून राहिली. संध्याकाळ होत आली तेव्हा एकदाचे ते वाक्य जमले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला कोणी मंद म्हटले नाही. त्याच्या आईवडिलांना बोलावून घेतले नाही. हे लक्षात ठेवा मित्रांनो, पुढे मला याची गरज लागणार आहे.

नव्या आरशांची फॅशन आली तेव्हा मला कापून लहान केले आणि भंगारात दिले. भंगारवाल्याच्या दारात मी पंख्यांच्या पात्यांमागे धूळ खात पडलो होतो. तिथून मला रोझमेरी मिसनी उचलले. या मिस गोरेगावच्या जुन्या गावठाणात राहतात. बोबडे बोलणाऱ्या आणि अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणे हा त्यांचा व्यवसाय आहे.

"तडकलाय का रे कुठे?" त्यांनी विचारले.

"नाय मॅडम, झकास पीस आहे. शूटिंगचा आहे."

रिक्षात मला मांडीवर उभा धरून त्या गोरेगावहून थेट मुलुंडला घेऊन आल्या. शाळेतल्या एका छोट्या खोलीत, मुलांच्या तोंडाच्या उंचीवर, त्यांनी मला वळवता येईल असे बसवले. आठवड्यातले दोनच दिवस त्या शाळेत येत. त्या दोन दिवसांची मी वाट बघत असे.

त्यांची शिकवण्याची रीत मला फार आवडे. त्या मुलाच्या समोर बसत नसत, शेजारी बसत. त्यामुळे माझ्यात दोन तोंडे शेजारी शेजारी दिसत. कधी त्या वरच्या ओठाला श्रीखंड लावत आणि मुलाला ते जिभेने चाटून घ्यायला सांगत. कधी कागदाची पट्टी ओठांसमोर धरून "प" म्हणायला लावत आणि पट्टी हलली की मूल खुदकन हसे. चुकले तर म्हणत, "परत." त्या "परत"मध्ये राग नसे. मला माझ्या दिग्दर्शकाची आठवण होई.

याच खोलीत श्रुतिका आली. पहिलीतली मुलगी, दोन वेण्या, हातात रुमालाचा बोळा. तिला "क" म्हणता येत नसे. काकाला ती "ताता" म्हणे. जीभ मागे न्यायच्या ऐवजी पुढे दाताला लावे, एवढीच गोष्ट होती. मी पहिल्याच दिवशी ती पाहिली, आणि रोझमेरी मिसनीही. घरी ती मालवणीत भरभरून बोलत असे. वर्गात मात्र सगळे इंग्रजी, आणि ते तिला अजून येत नव्हते. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. एक जिभेची सवय आणि दुसरी नवी भाषा. पण शाळेला दोन्हींची एकच पिशवी सोयीची वाटली आणि त्या पिशवीवर त्यांनी लिहिले, मंद.

एका गुरुवारी सुपरवायझर किरण मॅडमनी तिच्या आईवडिलांना माझ्याच खोलीत बोलावले, कारण दुसरी खोली रिकामी नव्हती. रोझमेरी मिसचा तो वार नव्हता. वडील गुणाजी मुलुंडच्याच एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात काम करतात. ते कामाच्या कपड्यांतच आले होते. आई सुगंधा खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती.

"हे बघा, तुम्ही घरी गावठी बोलता ना, त्यानेच तिचं कन्फ्युजन होतं," मॅडम म्हणाल्या. "आजपासून घरी ओन्ली इंग्लिश. टर्मच्या एंडला ओरल आहे. त्यात बोलली नाही तर सॉरी, दाखला घ्या आणि तिला स्पेशल स्कूलला टाका."

"होय मॅडम, करतो," गुणाजी म्हणाले. मुलीच्या भल्यासाठी सांगितलेले कुठला बाप नाही म्हणेल?

आणि मित्रांनो, त्यांनी खरेच केले! पुढच्या वेळी सुगंधा श्रुतिकाला घेऊन रोझमेरी मिसना भेटायला आली, तेव्हा माझ्यासमोर बसून तिने सांगितले, "मॅडमनी सांगल्यानी तसा आमी केला. घरात मालवणी बंद. पण आमका इंग्लिश येता तरी कितक्या? कम, ईट, सीट डाऊन, गुड नाईट. तेच्या फुडे काय बोलतलंव? म्हणान गपच रवतंव. रात्री निजताना हिका कावळ्याची गोष्ट सांगूची सवय होती, ती पण मोडली. आता माझा चेडू माझ्याकडे पण बोलणा नाय."

मी काचेचा आहे, पण त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका मुलीला एक अक्षर येत नव्हते, तर शहाण्या माणसांनी तिची उरलेली सगळी अक्षरे काढून घेतली. तिच्या घरातली गोष्ट बंद केली. आणि एवढे करून वर तिलाच विचारणार, तू बोलत का नाहीस?

रोझमेरी मिस तडक उठल्या आणि किरण मॅडमना बोलावून घेऊन आल्या.

"किरण, तिचा 'क' मालवणीत पण नाही आणि इंग्लिशमध्ये पण नाही. मग मालवणीने काय वाकडं केलं?"

"अगं, पण ती इंग्लिश स्कूलमध्ये आहे ना?"

"आहे, आणि इंग्लिश शिकेल. पण शिकणार कशावर? घरची भाषाच काढून घेतलीस तर पोरीकडे उरलं काय? वाट लावलीत तुम्ही तिची!"

किरण मॅडम "ओरलला बघू" म्हणून निघून गेल्या. रोझमेरी मिसनी दार लावले आणि सुगंधाला श्रुतिकाच्या शेजारी माझ्यासमोर बसवले. "आता सांगा ती कावळ्याची गोष्ट. तुमच्या भाषेत."

सुगंधाने आधी दाराकडे बघितले. कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि मग कुजबुजत गोष्ट सुरू केली. स्वतःच्या लेकीशी स्वतःच्या भाषेत बोलायला आईने घाबरावे! हे दृश्य माझ्यात उमटले याची मला आजही शरम वाटते. खरे तर ती मला का वाटावी? ज्यांना वाटायला हवी ते खाली ऑफिसात बसले होते.

त्यानंतर आमची मेहनत सुरू झाली. रोझमेरी मिस आइस्क्रीमच्या काडीने श्रुतिकाच्या जिभेचे टोक हलकेच खाली धरत आणि म्हणत, "गुळणी करताना घशात आवाज येतो ना, तिथून काढ." घरी सुगंधा पुन्हा बोलू लागली. मुलगी आधी रुसल्यासारखी गप्प होती, मग थोडीथोडी बोलायला लागली. बरेच दिवस "त" येई, कधी नुसतेच खाकरणे. एक दिवस ती माझ्यात बघत आईची नक्कल करत कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गो?"

स्वच्छ "क"! तिने स्वतःच दचकून माझ्याकडे पाहिले. सुगंधाने पदर तोंडाला लावला.

मग तोंडी परीक्षेचा दिवस आला. तीही माझ्याच खोलीत झाली. टेबलामागे किरण मॅडम आणि मुख्याध्यापक इसिडोर सर बसले. रोझमेरी मिस कोपऱ्यात होत्या आणि आईवडील दाराबाहेर. किरण मॅडमनी एक चित्र दाखवले. "व्हॉट इज धिस?"

श्रुतिका चित्राकडे बघे, मॅडमकडे बघे, रुमाल पिळे. रोझमेरी मिसनी कोपऱ्यातून उठून मला थोडे तिच्या बाजूला वळवले. तिने माझ्यात स्वतःचे तोंड पाहिले, जीभ मागे नेली आणि म्हणाली, "कावळो. कौलार बसता, काव काव करता. मामाच्या हातातली भाकरी न्हेलान!"

एकही "क" चुकला नाही. मी एकेक पाहिला आहे. मित्रांनो, त्या नटाला एका वाक्यासाठी टाळ्या पडल्या होत्या. इथे सहा वर्षांची मुलगी तीन वाक्ये बोलली होती.

किरण मॅडमनी पेन उचलले आणि म्हणाल्या, "नो आन्सर."

तेवढ्यात दार उघडले. जी बाई याच खोलीत कुजबुजली होती, ती मोठ्याने बोलली, "दिल्यान मां उत्तर! तुमका समाजला नाय म्हणान ता उत्तर नाय?"

इसिडोर सरांनी चष्मा काढला. "मला समजलं ना," ते म्हणाले. "कावळा, आणि भाकरी घेऊन गेला. आमच्या गावठाणात पण घेऊन जातात." मग ते श्रुतिकाकडे वळले. "करेक्ट, बाळा. इंग्लिशमध्ये त्याला क्रो म्हणतात. म्हण बघू."

"को," श्रुतिका म्हणाली.

"क्रो," किरण मॅडमनी लगेच सुधारले.

"परत," इसिडोर सर म्हणाले. ते मॅडमना म्हणाले की मुलीला, मला कळले नाही. पण मुलीने परत म्हटले, आणि तिसऱ्यांदाही म्हटले.

श्रुतिकाचा दाखला निघाला नाही. ती आज दुसरीत आहे. पण शाळेला टॅब्लेटसाठी खोली हवी होती, म्हणून आमची खोली गेली. रोझमेरी मिस आता जिन्याखाली दोन खुर्च्या मांडून शिकवतात आणि मी बेसिनवर आलो. तुमच्या शाळेने एखादे मूल बोलावे म्हणून काय केले, असे कोणी विचारले की त्या टॅब्लेटची चकाचक खोली दाखवतात. मला कोणी दाखवत नाही.

परवा पहिलीतली एक नवी मुलगी माझ्याखाली नळ सोडून उभी होती. तिचे नाव लिओना, ती नाहूरच्या गावठाणातली आहे. वर्गात कोणीतरी हसले असावे, कारण ती तोंड धूत नव्हती, लपवत होती. श्रुतिका डबा धुवायला आली. तिने नळ बंद केला आणि विचारले, "तुझ्या घरी कसं बोलतात गं?"

लिओनाने ओल्या हातांनी तोंड पुसले. मग हळूच काहीतरी म्हणाली.

"परत बोल," श्रुतिका म्हणाली, "मी ऐकतेय."

मित्रांनो, मोठ्या माणसांवर रागावून माझा पारा काळा झाला, म्हणून आता तुम्हाला सांगतो. मला पुसले नाहीत तरी चालेल. पण तुमच्या वर्गात कोणी गप्प बसलेले असेल तर त्याच्या शेजारी बसा, आणि श्रुतिकाने विचारले तेच विचारा.