छातीतला सांधा

हृदयापर्यंत पोचायला डॉक्टरांनी म्हाताऱ्या सुताराच्या छातीचं हाड वरपासून खालपर्यंत करवतीनं उभं चिरलं होतं आणि काम झाल्यावर पोलादी तारांनी पुन्हा आवळून बांधलं होतं. घरी सोडताना त्यांनी त्या हाडाचं चित्र काढून दाखवलं, तलवारीसारखं. वर रुंद मूठ, मधे लांब पातं, खाली मऊ टोक, दोन्हीकडून येऊन चिकटलेल्या बरगड्या. "हे जुळेपर्यंत भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही."

सुताराला हे सांगायला नकोच होतं. सांध्यातला सरस वाळायच्या आत खुर्चीवर बसणाऱ्या गिऱ्हाइकांना त्यानं उभा जन्म झापलं होतं. सांधा सुटलेली खुर्ची परत आली की त्याचा पहिला सवाल, "कोण बसलं होतं ते आधी सांगा!"

सुनेनं घरी फर्मान काढलं, नातीनं आजोबांच्या अंगावर चढायचं नाही. नात म्हणजे एका जागी ठरेल तर शपथ! पण बिचारी त्याचं बोट धरून हिंडायची आणि म्हाताऱ्याला तेवढंही पुरत होतं.

एका दुपारी सून अंघोळीला गेली आणि ही बया खिडकीच्या कट्ट्यावर चढली. तोल गेला. सुतारानं विचारबिचार केला नाही, दोन्ही हातांनी तिला वरच्यावर झेललं. छातीत कट्ट झालं.

"आईला सांगायचं नाही हं," तो कसाबसा म्हणाला. पोरीला बोलणी बसतीलच, पण आपल्यापायी आजोबा मोडले हे तिच्या मनात घर करून बसेल, याची त्याला जास्त धास्ती होती.

त्या दिवसापासून कूस बदलली की आतून कट्ट व्हायचं. सुटलेल्या सांध्याचा तो आवाज त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. तो मनातून हादरला, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही.

तपासणीला सून आणि नात बरोबर होत्या. डॉक्टरांनी छातीवर तळवा ठेवून त्याला खोकायला लावलं. त्यांचा चेहराच उतरला.

"हाड हलतंय. पुन्हा उघडून बांधावं लागेल. काय उचललंत?"

"खुर्ची."

"बाबा, कितीदा सांगितलं होतं तुम्हाला!" सून रडकुंडीला आली.

"चुकलंच माझं."

नात खुदकन हसली. "खोटं! आजोबा, मी काय खुर्ची आहे?"

मग तिनं सगळं सांगून टाकलं, कट्टा, पडणं, झेलणं, तो आवाजसुद्धा. सांगता सांगता तिचं लक्ष मोठ्यांच्या चेहऱ्यांकडे गेलं आणि तिचा आवाज बारीक होत गेला.

"म्हणजे माझ्यामुळे मोडलं?"

"नाही गं, वेडे," म्हणत सुतारानं तिच्यापुढे बोट केलं.

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.