सासूबाई विमानात बसल्या त्या दिवशी

दातांच्या डॉक्टरीणबाईंना विमान चालवायचं वेड लागलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आदळआपट केली ती त्यांच्या सासूबाईंनी. "लोकांचे दात उपटून हिचं मन भरत नाही का?" असं त्या येईल-जाईल त्याला विचारायच्या. पण लायसन्स हातात पडल्यावर सुनेनं पहिल्या फेरीसाठी नवऱ्याला सोडून त्यांनाच विचारलं, आणि सासूबाई विरघळल्या. ठेवणीतला स्वेटर घालून सुनेशेजारी ताठ बसल्या.

वर सगळं झकास झालं. सासूबाईंनी आपली गच्ची ओळखली. "अगं, चादरी आत घ्यायच्या राहिल्या!" म्हणून हळहळल्यासुद्धा.

घोळ झाला तो उतरताना. विमान धावपट्टीवर जरा जास्तच वेगानं आलं. सुनेच्या ते लक्षात आलं होतं. अशा वेळी पुन्हा वर जायचं, चक्कर मारून नीट यायचं, हे तिला शिकवणाऱ्या सरांनी शंभरदा घोकवून घेतलं होतं. पण सासूबाईंसमोर एका फटक्यात उतरून दाखवायचा मोह तिला आवरला नाही. चाकं टेकली आणि विमान चेंडूसारखं उसळलं. घाबरून तिनं विमानाचं नाक खाली दाबलं. पुढचं चाक मोडलं, पंखा मातीत रुतला आणि विमान कडेच्या गवतात जाऊन उताणं पडलं.

"आई! अहो आई, बोला ना!"

"काय बोलू? वटवाघळासारखी लटकलेय मी!"

सुनेच्या जिवात जीव आला. तिनं इंधन बंद केलं, बटणं बंद केली. पेट्रोलचा वास येत होता आणि दार काही केल्या उघडेना.

धावपट्टीकडेचं गवत कापणारा माणूस आपलं यंत्र तिथंच टाकून पहार घेऊन धावत आला. पहारीनं त्यानं दार उचकटलं, आत शिरून सासूबाईंना खांद्यावर तोलून धरलं. "सोडा आता पट्टा," तो सुनेला म्हणाला, "मावशी पडत नाहीत." दोघी बाहेर आल्या. आग लागली नाही. सासूबाईंचं मनगट मोडलं, सुनेला नुसतं खरचटलं.

दवाखान्यात सर भेटायला आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "वारा फार होता हो."

"वारा नव्हता, सर," सून म्हणाली. "वेग जास्त होता. परत वर जायला हवं होतं, मी गेले नाही. चूक माझीच."

सर म्हणाले, "मग पुन्हा शिकायचं. पहिल्या धड्यापासून."

ते गेल्यावर आता आपली खरडपट्टी निघणार, म्हणून सून मान खाली घालून बसली. सासूबाई म्हणाल्या, "त्या गवत कापणाऱ्या बिचाऱ्याला कुठं लागलं नाही ना गं? आभार मानायचेच राहिले."

दोघी त्याला भेटायला गेल्या. काय काय बोलायचं ते सुनेनं ठरवलं होतं, पण त्याला पाहताच तिला रडूच फुटलं. तो बिचारा ओशाळला. "मावशी अंगानं हलक्या, म्हणून जमलं," एवढंच म्हणाला. सासूबाई त्या 'हलक्या'वर भलत्याच खूश झाल्या.

आता सकाळी सून त्यांची वेणी घालते. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून सासूबाई कुरकुरत असतात, "भांग वाकडा पाडलास. कंगवा काय टोचतेस!" शेजारच्या खोलीतून नवरा हसतो. सून मात्र भांग मोडून पुन्हा पाडते, आणि ती कुरकुर कान भरून ऐकत राहते.