अकरावी जागा

१९९९ साली आमच्या पेपरानं डिजिटल कॅमेरा घेतला आणि साताऱ्याच्या कचेरीत तो माझ्या हाती पडला. "राजरत्न, दसऱ्याला तुझ्या गावचा फोटो यावरच काढ," संपादक म्हणाले. फिल्मचा रोल नाही, तो धुणं नाही. मी हरखून गेलो. लेन्स मात्र माझीच, पस्तीस एमएमची, जुनी. ती नव्या कॅमेऱ्यावर चपखल बसली.

गाव मेढ्याच्या वर, डोंगराच्या उतारावर. आमच्यातली सतरा माणसं छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. तेव्हापासून दर दसऱ्याला ती विहारासमोर, त्या दिवशी उभी होती त्याच क्रमानं, एका ओळीत बसतात. कुणी गेलं तरी ओळ सरकत नाही, त्याची जागा तशीच राहते. आता नऊ माणसं उरली होती. पेपराला या नऊ जणांचा एकत्र फोटो हवा होता, आणि वयं पाहता पुढच्या वर्षाची खात्री कुणीच देत नव्हतं.

पस्तीसच्या लेन्सचा माझा हिशेब सोपा: ओळ जितकी पावलं लांब, तितकीच पावलं मागं जायचं. ओळ भरली चौदा पावलं. मी चौदा पावलं मोजून मागं गेलो, कॅमेरा डोळ्याला लावला, तर ओळीची दोन्ही टोकं गायब! आणखी दोन पावलं मागं सरलो. त्यापुढं मागं दरडच होती.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. लेन्स तीच, ती पाडत होती ते चित्रही तेवढंच. पण ते झेलायला आत फिल्मच्या जागी तिच्याहून लहान सेन्सरचा तुकडा बसवलेला, त्यामुळं कडेचं सगळं बाहेर सांडत होतं. पस्तीसची लेन्स इथं बावन्नसारखी वागत होती, आणि चौदाच्या जागी एकवीस पावलं हवी होती. कचेरीतच एकदा नीट पाहून घेतलं असतं तर हात मोडले असते का माझे? पण मिजास! जुना कॅमेरा कपाटात ठेवून आलो होतो.

कॅमेरा डावीकडं वळवला तर पहिल्यापासून तेराव्या जागेपर्यंत सगळं मावत होतं. चौदा ते सोळा रिकाम्याच होत्या. बाहेर राहत होती फक्त सतरावी, लक्ष्मीबाई. ऐंशीची म्हातारी, नवं पांढरं लुगडं नेसून सकाळपासून ताठ बसलेली.

"आबा, जरा सगळेच सरकून बसा की," मी पहिल्या जागेवरच्या ज्ञानू आबांना म्हणालो. "मधल्या जागा मोकळ्याच हायत."

"मोकळ्या न्हाईत त्या. ज्याची जागा, त्याच्या घरच्यानं सांगावं. आमी कोण?"

मी वैतागलो. म्हातारीचा फोटो हुकतोय आणि हे नियम सांगतायत! "मग ती अकरावी कुणाची? त्याच्या घरचं कोण हाय हितं?" मी जवळजवळ ओरडलोच.

आबांनी माझ्याकडं टक लावून पाहिलं. "तुला ठावं न्हाई व्हय रं? तुझ्या बाची हाय ती."

लाजेनं माझे कान तापले. ही ओळ मी लहानपणापासून पाहिलेली, पण बा कितव्या जागेवर बसतो हे कधी मोजलं नव्हतं. तो गेल्यावर तर दसऱ्याला गावीच आलो नव्हतो.

लक्ष्मीबाई काठी टेकत उठली आणि ओळीमागून चालत अकराव्या जागेपाशी आली. बसली मात्र नाही.

"बसू का रं, राजरत्ना?" ती म्हणाली. "नागपुरात माझं पोर लय रडत हुतं. मी माघारी निघालेली. तुझा बा ओळीतनं मागं आला, पोराला कडंवर घेतलं. म्हणला, तू हात जोड, ह्याला मी बघतो. त्यानं आपली दीक्षा एका हातानं घेतली बघ. न्हाईतर गावची सोळाच झाली असती."

हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. बानं तर नाहीच. त्या तोकड्या कॅमेऱ्याचे मी मनापासून आभार मानले. जुना आणला असता तर चौदा पावलांत काम उरकून मेढ्याची एसटी धरली असती.

"बस, आत्ये," मी म्हणालो.

ती बसली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. नऊच्या नऊ आत होती. हात जोडा म्हटल्यावर सगळ्यांनी जोडले. लक्ष्मीबाईनं एकच हात छातीशी धरला. दुसरा कमरेशी वाकवून, पोर कडेवर घेतल्यासारखा.