तेलाची वाट

दुपार कलली तशी ती पुन्हा पुन्हा फोन लावू लागली. डोंगरावर आई पोट धरून पडली होती. सकाळी फोनवर निदान कण्हत तरी बोलली. आता फोन शेजारच्या मावशी उचलत होत्या. आईला दवाखान्यात आणायचं, तर मोठा रस्ता खचल्यापासून खाणीच्या कच्च्या वाटेनं वर चढायची ती एकट्या लेकीचीच गाडी. अन् तीच, इंजिनात हवा कोंबून जोर देणारा टर्बो जळून, पायथ्याला धापा टाकत उभी. टर्बो नाही तर चढ नाही, चढ नाही तर आई नाही. इतकं उघडंनागडं गणित.

दादाच्या स्कूटरवरून दोघं भंगाराच्या आवारात आली. जळका टर्बो दादानं तान्हं मूल घ्यावं तसा कवेत धरला होता.

"काका, असाच पाहिजे. हुबेहूब."

भंगारवाले काका मोडक्या सीटवर रेलले होते. "मेलेल्याचा जुळा भाऊ पाहिजे म्हण की!" असं म्हणत उठले अन् ढिगातून एक काढून आणला. चिंधीनं पाटी पुसली. दादा या पाटीवरचा आकडा वाची, ती त्या पाटीवरचा. अक्षर न् अक्षर जुळलं.

"घे गं, बघत काय बसलीस?" दादाचा चेहरा फुलला.

तिनं तरी बोट घालून पात्यांचा दांडा हलवला. बाजूला किंचित हलला, तेवढं चालतं. आतबाहेर हलला नाही. पाती कोरी, कुठं टवका नाही. तिला काकांच्या पाया पडावंसं वाटलं.

"गॅस्केट लागेल ना? जुनं दाखवा, तसलंच देतो," काका म्हणाले.

टर्बो काढताना इंजिनाला चिकटलेलं ते गॅस्केटचं पातळ पान तिनं नखानं सोडवून खिशात ठेवलं होतं. काढलं, अन् सहज टर्बोच्या बुडाशी धरलं. बोल्टाची भोकं नेमकी बसली. मधलं लांबट भोक मात्र अर्ध्यावर लोखंडानं झाकलं. उलटं करून धरलं, तेच. मग जळक्या टर्बोवर धरलं. तिथंही तेच.

तिनं पान दादापुढं धरलं.

"दादा, मागल्या खेपेला हा जळलेला कसा आणलास?"

"इथूनच. तुझ्या गाडीचं नाव सांगून."

"अन् गॅस्केट?"

"ते दुकानातून. दुकानदारानं इंजिनाचा नंबर मागितला, मी फोटो दाखवला."

काकांनी कपाळाला हात लावला. "नावावर गेलास होय रे शहाण्या? त्या गाडीत दोन तऱ्हेची इंजिनं येतात. बोल्ट बसतात, म्हणूनच माणूस फसतं. वरून तेल धो धो येणार, खाली उतरायला वाट अर्धी. तुंबलं, जळलं, दांडा खाऊन बसलं."

"मग मघाशी बोलला का नाहीत?" ती जवळजवळ ओरडली.

"ताई, तुम्ही मेलेला घेऊन आलात, मी मेलेल्याशी जुळवला. जितं इंजिन कुठलं, ते कुणी सांगितलं?"

दादानं जळका टर्बो ढिगावर टाकला. तिला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. पण रागालासुद्धा वेळ लागतो, अन् तो कुठून आणायचा? तेवढ्यात फोन वाजला.

"पाणीसुद्धा पोटात ठरत नाही गं तिच्या," मावशी म्हणाल्या. "निघालात ना?"

"निघालो, मावशी." खोटं बोलून तिनं फोन ठेवला.

दादानं मोबाइलमधला इंजिनाचा फोटो काकांपुढं धरला. तिघंही ढिगात हात घालू लागली. एक फुटका, एक गंजका, एकाचा दांडा आतबाहेर डुलणारा. शेवटी पत्र्याखालून एक निघाला. तिनं श्वास रोखून गॅस्केट टेकवलं. डबीवर झाकण बसावं तसं बसलं. दांडा घट्ट, पाती शाबूत, पाटीवरचा नंबरही त्याच इंजिनाचा. पण हवेचं तोंड भलतीकडं वळलेलं!

तिनं टर्बो खाली ठेवला. "संपलं."

"नाही," दादा हळूच म्हणाला. "ते फिरतं. कडेचे बोल्ट ढिले करून तोंड वळवायचं. पण पात्याला कवच घासलं तर हाही गेला." त्यानं हात पुढं केला. "माझ्या हातात देशील?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. आई त्याचीही होती.

तिनं काकांचा पाना उचलून त्याच्या हातात दिला.

त्यानं केस विंचरावेत इतक्या हलक्या हातानं तोंड वळवलं. बोल्ट आवळून बोटानं पातं फिरवलं, निःशब्द फिरलं. पायथ्याशी टर्बो चढवला तेव्हा हात सोलले तरी हूं की चूं नाही. आत आधी तेल सोडलं, परतीच्या वाटेनं धार उतरलेली बघितली, मगच म्हणाला, "मार चावी."

गाडी खाणीच्या वाटेला लागली. पहिल्या चढावर तिनं पाय दाबला. काहीच नाही. मग खोलवरून टर्बोची एक बारीक, कोवळी शीळ उठली, वाढली, अन् गाडीनं अंग उचललं.

दादा तोंड फिरवून डोळे पुसत होता. तिनं मावशींना फोन लावायला सांगितलं. त्यानं लावला, कानाशी धरला, खाली घेतला.

"रेंज गेली."

आता वर पोचल्याशिवाय काहीच कळणार नव्हतं. तिनं पाय आणखी दाबला.