कागदाच्या दारांचं हॉटेल

दोन दिवस हॉटेलात राहायला जाऊ, फक्त आपण दोघी, असं माझ्या धाकट्या बहिणीने फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी विचारलं की नवऱ्याशी भांडलीस का. ती हसली. आमच्या घरात हॉटेलात कुणी उतरलंच तर ते कुणाच्या लग्नाला, नाहीतर कुणी इस्पितळात असलं तर. नुसतं राहायला म्हणून कुणी गेल्याचं मला आठवत नाही. पण धाकटीने मागचं अख्खं वर्ष कॅन्सरच्या उपचारांत काढलं होतं. त्यातून ती उठली होती, शाळेत पुन्हा गणित शिकवायला लागली होती. हौस आहे ना, होऊ दे, म्हटलं. कपडे दुरुस्त करायचं माझं दुकान आहे, त्याला कुलूप लावलं आणि निघाले.

हॉटेल द्राक्षांच्या मळ्यात, वाइनच्या कारखान्याच्या मागे होतं. मालकीणबाई म्हणे तीन आठवडे जपानला जाऊन आल्या आणि येताना निम्मं जपान उचलून घेऊन आल्या. दारातच त्यांनी आमचे बूट काढून घेतले, मोबाइल एका लाकडी पेटीत ठेवले आणि हातात दोन झगे दिले. खोलीत बघायला काही नव्हतं. जमिनीवर गवताच्या चटया, एक बुटकं टेबल, दोन उशा, संपलं. इतका रिकामेपणा माझ्या घरी असता तर चोरी झाली म्हणून मी शेजाऱ्यांना गोळा केलं असतं. दारं तर कागदाची. आतल्याने शिंकावं आणि बाहेरच्याने रुमाल द्यावा. मी तसं म्हणाले, तर धाकटीने ओठांवर बोट ठेवलं. शेजारच्या खोलीत नवं लग्न झालेलं जोडपं होतं आणि त्यांचं हसू आम्हाला अगदी मांडीला मांडी लावून बसल्यासारखं ऐकू येत होतं.

दुपारी आंघोळ. खोलीला लागूनच लाकडी पिंप होतं, माणूस गळ्यापर्यंत बुडेल एवढं, आणि ते गरम पाण्याने भरून ठेवलेलं. इथली पद्धत अशी की आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, एकमेकींची पाठ चोळायची आणि मग पिंपात उतरायचं. धाकटी म्हणाली, तू आधी. मी म्हणाले, नखरे पुरे, बस. तिने माझ्याकडे पाठ करून झगा उतरवला आणि बुटक्या स्टुलावर बसली.

तीस वर्षं झाली, मी माणसांना टेप लावत नाही. टेप गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी असते. माझे हात चुकत नाहीत. साबण लावता लावता ते तिच्या कमरेवर आले आणि आकडा आपसूक डोक्यात आला. सव्वीस. उन्हाळ्यात बत्तीस होती.

तसे तिचे कपडे मीच तीनदा आत घेतले होते. हल्ली रोज चालते, ती म्हणायची. मी चेष्टा करायचे की नवऱ्याला फुकटात नवी बायको मिळाली. कपडा आत घेताना आम्ही शिवणीतलं जादा कापड कापत नाही. त्याला माया म्हणतात. माणूस पुन्हा भरला तर शिवण उसवून कपडा सैल करता येतो. पण पंधरा दिवसांपूर्वी ती शाळेतले चार ड्रेस घेऊन आली आणि म्हणाली, ताई, आतलं कापड टोचतं, कापूनच टाक. शिकाऊ मुलीने असं केलं असतं तर मी तिला दुकानाबाहेर काढलं असतं. आणि मी स्वतः, बहीण म्हणते म्हणून, चारही ड्रेसचं कापड शिवणीलगत कापलं आणि कचऱ्यात टाकलं. आता ते ड्रेस कधीच सैल होणार नव्हते. तिला ते तेव्हाच माहीत होतं.

माझे हात थांबले. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"केव्हा कळलं?" मी विचारलं.

"तीन आठवडे झाले."

मी ओरडणार होते. जन्मभर मी ओरडतच आले आहे. पण त्या कागदी घरात ओरडायचीही सोय नव्हती. धाकटीने नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजाआड हळू आवाजात सगळं सांगितलं. रोग यकृतात पसरला आहे. उपचार घेतले तर डॉक्टर आठ महिने म्हणतात, नाही घेतले तर चार. रिपोर्ट तिने एकटीने जाऊन आणला. नवरा लांब पल्ल्याची बस चालवतो, आठवड्यातून दोन दिवस घरी असतो. रिपोर्ट सोमवारी मिळणार आहे, असंच त्याला वाटतं.

"मागच्या वेळी माझं डोकं सात महिने बादलीत होतं," ती म्हणाली. "मला चारच दे. पण शुद्धीतले. वर्गातल्या पोरांचं पुस्तक तेवढं शिकवून संपवते."

मग तिने खरं मागणं मागितलं. सोमवारी आपण दोघी इस्पितळात जाऊन आलो आणि रिपोर्ट चांगला निघाला, असं मी तिच्या नवऱ्याला सांगायचं.

"तूच सांग की," मी म्हणाले.

"माझं त्याला पटणार नाही. तुझं पटेल. कुणाला बरं वाटावं म्हणून तू आयुष्यात कधी बोलली नाहीस."

मी साफ नाही म्हणाले. नुसतं नाही म्हणून थांबले नाही. तू पळपुटी आहेस म्हणाले, नवऱ्याला फसवतेस म्हणाले, उद्या मी स्वतः त्याला सगळं सांगणार म्हणाले, आणि हे सगळं कुजबुजत. कुजबुजून भांडताना माणूस जास्त वाईट बोलतो, हे मला तिथे कळलं. ती ऐकून घेत राहिली. पिंपातलं पाणी निवलं, उतरलं कुणीच नाही.

सकाळी न्याहारीला प्रत्येकीपुढे अकरा-अकरा वाट्या आल्या. एकेका वाटीत घासभर काहीतरी. मी रागाने माझ्या सगळ्या संपवल्या. धाकटी मात्र जेवायच्या काड्यांनी ह्या वाटीतलं त्या वाटीत, त्या वाटीतलं तिसरीत असं करत राहिली, आणि पाच-दहा मिनिटांत तिच्या अकराही वाट्या खाल्ल्यासारख्या दिसायला लागल्या. एकही घास तिच्या पोटात गेला नव्हता. इतक्या सफाईने की मी समोर बसून पाहिलं नसतं तर फसले असते.

"घरी पण असंच?" मी विचारलं.

तिने मान डोलावली. एवढं सगळं ती एकटीने करत होती, आणि मला ते ऐकून आधी रागच आला. मग भयंकर लाज वाटली. बाहेर मळ्यात माणसं वेली छाटत होती आणि त्यांच्या कात्र्यांचा आवाज येत होता.

निघायच्या वेळी मालकीणबाई मोज्यांतल्या पायांनी लगबगीने आल्या. पेटीतला माझा मोबाइल वाजत होता. धाकटीचा नवरा. तिचा फोन लागत नव्हता म्हणून त्याने मला केला होता, कुठल्याशा बसस्थानकावरून. मी त्याला सगळं सांगणार होते. रात्रभर जागून वाक्यंही जुळवून ठेवली होती.

"ताई, तिला नका सांगू मी विचारलं म्हणून," तो म्हणाला. "पण मला फार भीती वाटते. ती कशी आहे, खरं सांगा."

धाकटी दाराशी बसून बूट घालत होती. वाकताना तिला धाप लागत होती, म्हणून ती एक नाडी बांधायची, थांबायची, मग दुसरी. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पुन्हा काही मागितलं नाही.

"बरी आहे," मी म्हणाले. "अंगी लागतंय आता. काल माझ्यापेक्षा जास्त जेवली. सोमवारी तुम्ही उगाच रजा काढू नका, मी नेते तिला."

पलीकडे तो रडायला लागला, आणि रडता रडता हसायला लागला.

"तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच मिटला, ताई," तो म्हणाला. "दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी विश्वास ठेवला नसता."