प्रवाळबेटावरचा लाल तळहात

श्रद्धा म्हणजे माणसाने आपखुशीने देवापुढे धरलेली ओंजळ. ती भयाने उघडायला लावली, की तिच्यातून कोण काय उचलून नेतो याचे भान राहत नाही. देव कोणाला भिववीत नाही, असे मी आयुष्यभर शिष्यांना सांगत आलो. भिवविणारा भेटला, तर त्याचा संशय घेणे हे भक्ताचेच कर्तव्य होय.

माझी नात नंदिता हिचा वाङ्निश्चय हरिप्रसादशी झाला होता. हरिप्रसाद प्रवासी जहाजावर अधिकारी. त्याच्याच जहाजाच्या लांबच्या सफरीला आम्ही दोन्ही घरची माणसे तंजावुराहून निघालो होतो, आणि एके सकाळी दिवसभरासाठी एका प्रवाळबेटावर उतरलो. नारळीची बने, डोळे दिपविणारी पांढरी वाळू, आणि किनाऱ्याच्या टोकाशी समुद्रअम्मन या देवीचे लहानसे देऊळ. जहाजावरचे निम्मे प्रवासी तिथे लोटले होते.

"अम्मा! ताये!" असा देवीआईच्या नावाचा घोष चालला होता. मध्यभागी भगव्या वस्त्रातला शंखस्वामी बसला होता. पुढे आलेल्या स्त्रीच्या तळहाताला तो हळद लावी, शंखातले तीर्थ त्यावर ओती, आणि तो हात देवीपुढच्या पांढऱ्या वस्त्रावर टेकवी. वस्त्रावर पिवळा पंजा उमटे.

"पिवळा! अखंड सौभाग्य!" स्वामी तमिळमध्ये गर्जे. "अम्मन खोटे बोलत नाही. तुमचा डॉक्टर बोलेल, तुमचा ज्योतिषी बोलेल, अम्मन नाही!"

नंदिता पुढे झाली. तिच्याशेजारी हरिप्रसाद गणवेशात उभा होता, आणि मागे त्याची आई राजलक्ष्मीबाई, दोन्ही हातांत सोन्याच्या बांगड्या. स्वामीची दृष्टी गणवेशावर गेली, तेथून बांगड्यांवर आली. मग त्याने हातातला शंख खाली ठेवला आणि पाटाआडून दुसरा उचलला. हा किंचित तपकिरी होता. माझ्या मनात संशयाने घर केले ते त्याच क्षणी.

तीर्थ पडले. नंदिताचा तळहात पाहता पाहता रक्तासारखा लाल झाला. वस्त्रावर लाल पंजा उमटला आणि गर्दीचा घोष थांबला.

"अय्यो, ताये!" स्वामी डोळे मिटून म्हणाला. "या हाताच्या नवऱ्याला समुद्र मागतो आहे."

राजलक्ष्मीबाई वाळूतच बसल्या. "उपाय, स्वामी?"

"सासूच्या हातचे सोने अम्मनच्या पायांशी येऊ दे. ती हात पुन्हा पिवळा करील. नाही तर हे लग्न सोडा."

"सोनं घ्या हवं तर," त्या बांगड्या चाचपत म्हणाल्या, "पण लग्न नको. आज पिवळा झाला, उद्या पुन्हा लाल झाला तर? याचं जहाज सुटलं, की मी जीव मुठीत धरून बसते. असली सून आणू घरात?"

नंदिता ओढणीने हात पुसत होती. रंग जात नव्हता.

"अम्मा, तो हात आहे," हरिप्रसाद म्हणाला, "वादळाचा इशारा नव्हे."

"गप बैस रे! जहाज तुझं ऐकतं, समुद्र ऐकत नाही."

मी पुढे झालो. "स्वामी, त्याच शंखातले तीर्थ माझ्या हातावर ओता."

"पुरुषांना चालत नाही."

"मग मघाच्या पिवळ्या पंजाच्या बाईंच्या हातावर."

"एकदा कौल झाला, पुन्हा नाही."

"बरे, तुमच्याच हातावर?"

"संन्याशाला दोष लागत नाही!"

"भारीच सोवळा शंख दिसतो," मी म्हणालो. गर्दीत कोणी हसले, कोणी कुरकुरले, "एवढे पंडित, आणि देवीची परीक्षा पाहता?"

"देवीची नव्हे, शंखाची." मग मी राजलक्ष्मीबाईंकडे वळलो. "बाई, नंदिता सून होऊन तुमच्या उंबऱ्याशी आली असती, तर ताटात काय घेऊन उभ्या राहिला असता?"

"आरतीचं पाणी. दृष्ट काढायला. का हो राव?"

"कोणत्या रंगाचे?"

"लाल. तंजावुरात कोणत्या घरी दुसरं असतं? पाण्यात हळद कालवायची, वर चिमटीभर सुण्णांबु..."

त्या थांबल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी पानाचा डबा काढला, बोटावर तोच सुण्णांबु, म्हणजे चुना, घेतला, स्वामीच्या ताटातली हळद तळहाताला फासली आणि ओला चुना तिच्यावर चोळला. तळहात लाल झाला, नंदिताच्या हातासारखाच.

"अय्यो देवा," त्या हळूच म्हणाल्या. "प्रत्येक लग्नात ही आरती मीच कालवते. आणि मलाच कळू नये?"

"ताटात ही लाली मंगल म्हणून पाहता. इथे ती भय म्हणून दाखविली," मी म्हणालो. "प्रवाळ भाजले की चुना होतो. तो पाण्यात कालवून निवळू दिला, की वरचे पाणी नितळ दिसते. पण हळदीला ते लाल करते. पहिल्या शंखात साधे पाणी, दुसऱ्यात निवळी."

शहाळेवाल्याकडून लिंबू आणवून मी ते नंदिताच्या हातावर पिळले. लाली जाऊन हळद पुन्हा पिवळी झाली.

"अम्मनची कृपा!" स्वामी ओरडला.

"लिंबाची!" नंदिता म्हणाली. ती हसत होती.

मग बायकांनीच तपकिरी शंख ओढून घेतला आणि आपापल्या हळदीच्या हातांवर ओतला. ज्यांना अखंड सौभाग्य लाभले होते, त्यांचेही हात लाल झाले. त्या हशात स्वामी नारळीच्या बनात कधी शिरला, ते कोणी पाहिले नाही. राजलक्ष्मीबाईंनी नंदिताचा पिवळा हात आपल्या लाल हातात घेतला आणि जहाजावर चढेपर्यंत सोडला नाही.

वाचकहो, समुद्रावर जाणाऱ्याची काळजी खरी असते. म्हणूनच ती कोणाच्या शंखात ओतू नये. चमत्कार दिसला, तर हात जोडण्यापूर्वी एकदा विचारावे, हे आपल्या स्वयंपाकघरात तर घडत नाही ना?

लग्नानंतर तंजावुरात उंबऱ्यावर तेच लाल पाणी राजलक्ष्मीबाईंनी दोघांवरून ओवाळले. ओवाळताना त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि चुना लागलेले बोट पदराला पुसले.

हरिप्रसादाचे जहाज दर वेळी सुखरूप बंदराला लागो. नंदिताच्या घरी हळद नांदो, भय न नांदो. आणि त्या बेटावरच्या शंखस्वामीलाही कष्टाची भाकरी गोड लागो.