चेटकिणीच्या गालावरचा डाग

मित्रांनो, कार्ल्याच्या अलीकडे एक वाडी आहे. तिथल्या शाळेच्या कपाटात मी राहते. दार उघडल्यावर मेथीचा वास आला तर समजा, मी आत आहे. मी एक जुनी हातबाहुली. नवलाख उंबरे गावच्या कस्तुराबाईंनी रद्दी भिजवून, त्यात मेथी वाटून घालून माझं डोकं घडवलं. मेथीमुळे कीड लागत नाही म्हणतात. खरं असावं, कारण शेजारच्या नकाशांना कसर लागली, मला मात्र कुणी चावलं नाही.

डोळे रंगवून झाल्यावर कस्तुराबाईंनी मला मांडीवर घेतलं, निरखलं आणि गालाला काजळाची तीट लावली. "नजर लागंल माझ्या लेकीला," म्हणाल्या. तेव्हापासून मी जरा शेफारलेच.

मग मी मानसीबाईंच्या हाती आले. त्या लोणावळ्याहून स्कूटीवर शाळेत येतात, आणि शनिवारी मुलांसाठी स्वतः रचलेली नाटकं करतात. बाहुली एक आणि पात्रं ढीगभर, म्हणून दर खेपेला माझं तोंड पुसायचं आणि नवं रंगवायचं. तेवढी तीट मात्र त्या राखायच्या. कधी मला मिशा यायच्या, कधी पिकल्या भुवया. राणी झाले की पोरं टाळ्या वाजवायची. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एकदा चेटकीण हवी होती. मागच्या बाकावरच्यांनाही कळायला हवं ना, ही वाईट आहे म्हणून. बाईंचं लक्ष माझ्या तिटेकडे गेलं. त्यांनी ब्रश घेतला आणि तीट वाढवत वाढवत कानापासून ओठापर्यंत नेली. खेळ झकास झाला. पोरं घाबरली, ओरडली, हसली.

पण पुढच्या बाकावर हिरा बसली होती. तिच्या गालावर जन्मापासून तसाच काळसर डाग आहे, कानापासून ओठापर्यंत. बाई तिला रोज बघत होत्या. इतकं रोज, की तो डाग त्यांना दिसेनासाच झाला होता. मधल्या सुट्टीत विक्कीने तिला चेटकीण म्हटलं. मग सगळेच म्हणू लागले. सोमवारी हिरा आली नाही, आणि त्यानंतरही नाही.

कारण कळलं तेव्हा बाई खुर्चीतून उठल्या. मग त्यांनी मला पिशवीत घातलं आणि स्कूटी काढली.

हायवेच्या कडेला हिराची आई नंदाबाई कणसं भाजत होती. हिरा मागे पोत्यावर बसलेली, ओढणी गालावर ओढून.

"शाळंचं नाव काढलं का रडती, बाई," नंदाबाई म्हणाली. "आता कदी जायाचंच न्हाई म्हनती. मी तरी किती सांगू?"

मानसीबाई हिराशेजारी जमिनीवरच बसल्या. "हिरा, चुकलं माझं. मी बघायला हवं होतं. आता मी राणीच्या गालावर असाच डाग काढणार आहे. सगळ्यांत सुंदर राणी."

राणी म्हटल्यावर मी पिशवीत हुरळले. हिराने मात्र ओढणी आणखी पुढे ओढली.

"राणी नको," ती ओढणीआडूनच म्हणाली.

"का गं?"

"सगळी म्हनत्याल, हिराला बरं वाटावं म्हून केली. पुन्यांदा माज्याकडंच बघत्याल."

"मग पुसून टाकू का डाग?"

"पुसू बी नका." तिने मला बाहेर काढलं आणि माझ्या आत हात घातला. गरम, कणसांच्या मिठाचा हात. "हिला यष्टीतली कंडक्टर करा. तिकिटं फाडंल, मागं सरका म्हनंल, कोंबडीचं तिकीट मागंल. डागाचं कुनी कायबी बोलायचं न्हाई. असू द्या तसाच."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

पुढच्या शनिवारी नंदाबाई हिराला दारापर्यंत सोडून गेली. हिरा दाराशीच टेकली, कधीही उठून पळता येईल अशी. मी खाकी कपड्यात, गालावरच्या डागासकट उभी राहिले. बाईंच्याच आवाजात बोलणाऱ्या, कोंबडी घेऊन चढलेल्या म्हाताऱ्याशी मी मनसोक्त भांडले, आणि सगळा वेळ माझं लक्ष दाराकडे होतं.

खेळ संपला तसा विक्कीने हात वर केला. माझ्या आतला बाईंचा हात ताठ झाला. हिराने ओढणी घट्ट धरली.

"बाई," विक्की म्हणाला, "कोंबडीला खिडकीची जागा भेटली का मग?"

वर्ग खदखदला. हिरा तर इतकी हसली की ओढणी खांद्यावर घसरली. ती तिने उचलली नाही.

मित्रांनो, तुम्हीही गोष्टी रचाल, त्यातल्या माणसांना नाक-डोळे द्याल. दुष्टाला दुष्ट दाखवायचं तर त्याला काहीतरी दुष्ट करायला लावा, ते काम त्याच्या चेहऱ्यावर ढकलू नका. तसाच चेहरा घेऊन कुणीतरी समोर बसलेलं असतं, आणि त्यालाही तुमची गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची असते.